वणीचा कापूस नावेने समुद्राला का गेला नाही?

आषाढातल्या एखाद्या दुपारी यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यात उभे राहा. पागोळ्यांचे पाणी मैदानात उतरते, मैदानातून नालीत जाते आणि नालीतून ओढ्यात. कुणीतरी वहीचे पान फाडून त्याची होडी करतो आणि पाण्यात सोडतो. होडी दहा-वीस हात जाते, एखाद्या काडीला अडकते आणि भिजून बसते. पाणी मात्र थांबत नाही. विद्यार्थी मित्रांनो, ते पाणी शेवटी कुठे जाते, याचा कधी विचार केला आहे का?

नकाशा समोर घ्या. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतले पाणी पूस, अरुणावती आणि अडाण या नद्यांतून पैनगंगेला मिळते. बाभूळगाव, राळेगाव, मारेगाव या बाजूंचे पाणी वर्धेकडे धावते. वर्धा ही जिल्ह्याची पूर्वेकडची सीमा आणि पैनगंगा ही दक्षिणेकडची. वणी तालुक्याच्या टोकाला, पलीकडच्या काठावरच्या वढा या गावाजवळ, या दोन्ही नद्या एकत्र येतात. पुढे वर्धेला वैनगंगा भेटते आणि दोघी मिळून ‘प्राणहिता’ हे सुंदर नाव घेतात. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. गोदावरी पापी टेकड्यांच्या घळीतून वाट काढते, राजमहेंद्रीपाशी सपाटीवर येते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे तुमच्या शाळेच्या छपरावर पडलेल्या थेंबाला आंध्र प्रदेशचा किनारा गाठायचा असतो. वाट सहाशे किलोमीटरांहून अधिक लांबीची आहे, पण तिथे तिकीट लागत नाही!

मग प्रश्न असा की, जिथून पाणी जाते तिथून नाव का जाऊ नये? हा प्रश्न कागदी होडी सोडणाऱ्या मुलाचा वाटतो. परंतु एकोणिसाव्या शतकात एका नामांकित अभियंत्याने तो अगदी गंभीरपणे विचारला होता, आणि त्याच्या उत्तरासाठी सरकारने बरीच वर्षे पैसाही खर्च केला होता. या अभियंत्याचे नाव सर आर्थर कॉटन (१८०३–१८९९). योगायोग पाहा, त्याला नावेने न्यायचा होता तो मालही कापूसच!

तांडा आणि नाव

यवतमाळ जिल्ह्याला त्या काळी ‘वणी जिल्हा’ म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आले. वऱ्हाडचा कापूस प्रसिद्ध होता, परंतु तो बाहेर न्यायचा कसा? रेल्वे नव्हती, बारमाही सडकाही नव्हत्या. हे काम बंजारा समाजाचे तांडे करीत. शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडा निघे. पश्चिमेला मुंबई आणि उत्तरेला गंगेकाठचे मिर्झापूर एवढ्या लांब हा माल जाई. वाटेत धूळ बसे, पाऊस लागे, बैल दगावत, आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत कापसाच्या किमतीत वाहतुकीचा खर्च भरमसाट मिळालेला असे.

आता थोडे गणित करू. समजा, एक बैल पाठीवर १२० किलो कापूस नेतो. तर ३० टन, म्हणजे ३०,००० किलो कापसासाठी २५० बैल लागतील. त्यांना चारा हवा, पाणी हवे, राखण हवी. हाच ३० टन माल मध्यम आकाराच्या एकाच नावेत मावतो, आणि संथ पाण्यात ती नाव काठावरून दोर धरून चालणारी तीन-चार माणसे ओढू शकतात. अडीचशे बैल एका बाजूला आणि तीन-चार माणसे दुसऱ्या बाजूला! पाण्याच्या या किमयेनेच कॉटनला झपाटले होते.

ही किमया नुसती कागदावर नव्हती. गोदावरीच्या मुखाशी ती त्याने प्रत्यक्षात आणलेली होती. १८४७ ते १८५२ या काळात दवळेश्वरम् येथे गोदावरीवर मोठा बंधारा बांधण्यात आला आणि त्यातून निघालेल्या कालव्यांनी त्रिभुज प्रदेशातली शेती भिजू लागली. कॉटनने हे कालवे नुसत्या सिंचनासाठी आखले नाहीत. त्यांतून नावाही जातील अशी सोय केली. जुन्या बंधाऱ्याची जागा आता नव्या बॅरेजने घेतली असून त्याला कॉटनचेच नाव दिलेले आहे.

चला तर, त्या कालव्यातून एक दिवस प्रवास करू. काळ समजा सव्वाशे वर्षांपूर्वीचा, आणि मार्ग दवळेश्वरम् ते काकिनाडा, अंतर सुमारे ५० किलोमीटर.

पहाट : नाव किती बुडते?

पहाटे पाच वाजता आपली नाव सुटते. माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ४ किलोमीटर वेगाने, ५० किलोमीटरांना साडेबारा तास लागतील. सबंध दिवस हाताशी आहे.

आपली नाव सपाट बुडाची, १५ मीटर लांब व ३ मीटर रुंद आहे, असे धरू. सोयीसाठी ती खोक्यासारखी समजा. तिच्या तळाचे क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर. नावेचे स्वतःचे वजन ९ टन आहे. आर्किमिडीजचा नियम आठवा : तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. एक टन पाण्याचे घनफळ एक घनमीटर. म्हणून रिकामी नाव ९ घनमीटर पाणी सारील आणि ९ भागिले ४५, म्हणजे ०.२ मीटर किंवा २० सेंटिमीटर बुडेल. तीत ३० टन कापूस भरला की आणखी ३० भागिले ४५, म्हणजे सुमारे ६७ सेंटिमीटर बुडेल. एकूण ८७ सेंटिमीटर. तळ जमिनीला घासू नये म्हणून थोडी मोकळी जागा सोडली, तरी सव्वा मीटर खोल पाणी पुरेसे होते.

हा ८७ सेंटिमीटरचा आकडा लक्षात ठेवा. पुढे वर्धेच्या काठी त्याची गरज पडणार आहे.

सकाळ : लॉकची युक्ती

दोन्ही काठांना भातखाचरे, नारळ आणि ताडाची झाडे आहेत. आपण कडियम ओलांडतो. हे गाव आज रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. पुढे कालव्यात आडवे दरवाजे दिसतात. इथे कालव्याची पातळी एकदम खाली उतरते. जिना उतरावा तशी नाव कशी उतरणार?

त्यासाठी ‘लॉक’ असते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली एक लांबट, दगडी बांधणीची खोली. वरचा दरवाजा उघडून नाव आत घ्यायची आणि दरवाजा बंद करायचा. मग खालच्या दरवाजातली लहान झडप उघडायची. खोलीतले पाणी खालच्या बाजूला वाहू लागते आणि नाव पाण्याबरोबर अलगद खाली येते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की खालचा दरवाजा हलका होतो आणि उघडतो. नाव बाहेर पडते. वर चढायचे असेल तर हाच क्रम उलटा. इंजिन नाही, इंधन नाही; काम करते ते गुरुत्वाकर्षण.

अर्थात, हेही फुकट होत नाही. समजा, खोली ३० मीटर लांब, ५ मीटर रुंद असून पातळीतला फरक २ मीटर आहे. एका खेपेला ३० × ५ × २ = ३०० घनमीटर, म्हणजे तीन लाख लीटर पाणी वरून खाली जाते. एका हेक्टर शेतावर ५ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा थर द्यायचा तर ५०० घनमीटर पाणी लागते. म्हणजे लॉकच्या दोन खेपांच्या पाण्यात हेक्टरभर पिकाची एक पाळी सहज निघावी! त्रिभुज प्रदेशात हे पाणी वाया जात नाही, कारण ते कालव्याच्या पुढच्या टप्प्यात जाऊन तिथली शेती भिजवते. पण जिथे पाणी मोजकेच आहे, तिथे हा हिशोब टोचू लागतो.

दुपार : सावकाश जाण्यातला शहाणपणा

ऊन चढते. नाव आपली त्याच संथ गतीने चाललेली. तुमच्यातला एखादा उतावळा म्हणेल, “आणखी माणसे लावा, दुप्पट वेगाने ओढा!”

पाणी अशा उतावळेपणाची किंमत वसूल करते. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारणपणे चौपट होतो, आणि दर सेकंदाला खर्चावी लागणारी शक्ती आठपट होते. उथळ, अरुंद कालव्यात तर लाटा उठून विरोध आणखी वाढतो आणि मातीचे काठही ढासळतात. म्हणून तीन-चार माणसांना ३० टन माल ओढता येतो तो केवळ सावकाश जाण्यामुळे. संथपणा हा जलवाहतुकीचा दोष नाही. तिच्या स्वस्ताईचे रहस्यच त्यात आहे. कोळसा, धान्य, सिमेंट, कापूस या मालाला घाई नसते. घाई असते ती माणसांना, दुधाला आणि टपालाला.

सायंकाळ : किनाऱ्याला समांतर

लॉकमध्ये गेलेला वेळ धरून रात्री सात-आठच्या सुमारास काकिनाडा येते. वाऱ्याला खारट वास आहे, आणि कालव्याच्या टोकाला भरती-ओहोटीने पाणी चढते-उतरते. नाव खाऱ्या पाण्यात शिरली की किंचित वर उचलली जाते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते; म्हणून ८७ सेंटिमीटर बुडालेली आपली नाव आता दोनेक सेंटिमीटर कमी बुडेल.

इथे थांबायलाच हवे असेही नव्हते. समुद्रात न उतरता, किनाऱ्याच्या आतून, कालव्याकालव्याने थेट मद्रासपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाता येई. गोदावरीपासून विजयवाड्यापर्यंत एलुरू कालवा १३९ किलोमीटर, तिथून पुढे कोम्मामुरू कालवा ११३ किलोमीटर आणि नंतर बकिंगहॅम कालव्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग, ३१६ आणि ११० किलोमीटर. बकिंगहॅम कालव्याची सुरुवात १८०६ मध्ये मद्रासजवळ झाली, आणि १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात उपाशी माणसांना काम देण्यासाठी त्याचा काही भाग खोदण्यात आला. वादळात समुद्र खवळला तरी आतल्या कालव्यातली नाव सुरक्षित राही. पुढे रेल्वे आणि मोटारट्रक यांनी ही वाहतूक ओढून घेतली. कालवे गाळाने आणि शहरांच्या सांडपाण्याने भरू लागले.

मग वणीहून नाव का निघाली नाही?

आता कॉटनचा विचार तुम्हाला समजेल. समुद्राच्या टोकाला कालवे तयार होते. वरच्या टोकाला वऱ्हाडचा कापूस होता. मधे नदी होती. नदी तेवढी नावांजोगी केली की काम झाले!

सरासरीचा हिशोबही त्याच्या बाजूने बोलतो. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंच आहे. तिथून समुद्र सहाशेहून अधिक किलोमीटर. म्हणजे नदी दर किलोमीटरला सरासरी ३० सेंटिमीटर उतरते, तुमच्या दप्तरातल्या एका फूटपट्टीएवढी! एवढ्या उतारावर नाव चालवणे अशक्य मुळीच नाही.

पण मित्रांनो, सरासरी ही फसवी गोष्ट आहे. सरासरी एक मीटर खोल असलेल्या नदीतही माणूस बुडू शकतो. प्रत्यक्षात नदीचा उतार सारखा वाटलेला नव्हता. लांबच लांब संथ डोह, आणि मधेच कठीण खडकांचे अडथळे, जिथे पाणी थोड्या अंतरात फेसाळत उतरते. असे तीन मोठे अडथळे होते : गोदावरीवर दुम्मुगुडेम, त्याच्या वर इचमपल्ली आणि प्राणहितेवर आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देवलमरी. बंधारे, बगलेने जाणारे कालवे आणि लॉक बांधून हे अडथळे ओलांडायचे, अशी योजना आखली गेली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे महत्त्व एकदम वाढले. कामाला जोर आला. दुम्मुगुडेमचा बंधारा उभा राहिला. तो आजही आहे.

दुसरा अडथळा खडकापेक्षाही कठीण होता. तो म्हणजे आपले ऋतुमान. आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यातच यवतमाळचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. हा खडक पाणी फार साठवत नाही. त्यामुळे पाऊस संपला की नद्यांना खालून मिळणारा झरा लवकर आटतो. श्रावणात दुथडी वाहणारी वर्धा मार्चमध्ये अनेक ठिकाणी गुडघाभर होते. गुडघा म्हणजे ४५ सेंटिमीटर. आपली भरलेली नाव बुडते ८७! रिकामी नाव जाईल, पण रिकामी नाव नेऊन काय करायचे? आणि कापूस वेचून, बांधून तयार होतो तो नेमका हिवाळ्यात, पाणी ओसरत असताना. माल असतो तेव्हा पाणी नसते आणि पाणी असते तेव्हा माल नसतो.

भर पुरातले पाणीही नावेला मित्र नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये गोदावरीच्या याच पापी टेकड्यांच्या घळीत पुराच्या पाण्यात पर्यटकांची बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. नदी नावांजोगी असण्यासाठी पाणी पुरेसे हवे आणि शांतही हवे.

एवढ्यात रेल्वे आली. १८६७ मध्ये ती मुंबईहून नागपूरला पोहोचली. तिला ऋतूची अडचण नव्हती. शिवाय १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई बंदर युरोपच्या आणखी जवळ आले. मग कापूस पूर्वेच्या किनाऱ्याला न्यायचा कशाला? १८७१ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. वणीचा कापूस समुद्राला गेला, परंतु उलट्या दिशेने आणि रुळांवरून.

कॉटन चुकला का? दवळेश्वरम्‌ला त्याने दूरच्या डोंगरांतून वाहून आलेले पाणी अडवून सपाट भूमीवर फिरवले, तिथे तो यशस्वी झाला. गोदावरीच्या खोऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेकडे आहे, म्हणजे त्या यशात आपल्या वर्धा-पैनगंगेचाही वाटा आहे. वरच्या बाजूला मात्र तीच युक्ती तशीच लागू पडली नाही. एका ठिकाणचे योग्य उत्तर दुसऱ्या ठिकाणी योग्य ठरेलच असे नाही. विज्ञानात हा धडा पुनःपुन्हा शिकावा लागतो.

प्रश्न अजून मिटलेला नाही

ही गोष्ट १८७१ मध्ये संपली असे समजू नका. २००८ मध्ये काकिनाडा ते पुदुच्चेरी हे कालवे आणि गोदावरी-कृष्णेचे काही भाग मिळून १,०७८ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ जाहीर झाला. पुढे २०१६ च्या कायद्याने देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली, आणि त्या यादीत पैनगंगा-वर्धा या नद्याही आहेत! यादीत नाव येणे आणि नदीत नाव येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्ही आता सांगू शकाल.

कॉटनच्या काळापेक्षा आज एक गोष्ट बदलली आहे. वर्धा, पैनगंगा आणि त्यांच्या उपनद्यांवर आता धरणे आहेत : अप्पर वर्धा, बेंबळा, इसापूर, अरुणावती. धरणातून उन्हाळ्यात पाणी सोडून नदीत सव्वा मीटर खोली राखता येईल का? कदाचित येईल. पण त्याच पाण्याची वाट कपाशी, तूर आणि गहू पाहत असतात. त्याच पाण्यावर गावांच्या नळयोजना आणि कारखाने अवलंबून असतात. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक शेती अजून पावसाच्या भरवशावर आहे. जिथे शेताची एक पाळी चुकली तर घराचे वर्ष बिघडते, तिथे नावेसाठी पाणी सोडायचे का, हा केवळ अभियंत्याचा प्रश्न राहत नाही. पनामा कालव्याचेच पाहा. १९१४ पासून तिथे लॉकच्या साहाय्याने जहाजे २६ मीटर उंच उचलली जातात. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, तलावातले पाणी घटले आणि रोज जाणाऱ्या जहाजांची संख्या कमी करावी लागली. त्याच तलावातून तिथल्या लोकांना पिण्याचे पाणीही मिळते.

करून पाहा

(१) सपाट बुडाचा, उभ्या कडांचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्याच्या तळाची लांबी व रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा. समजा ती १० आणि ८ आहे. म्हणजे तळ ८० चौरस सेंटिमीटर. डबा बादलीत तरंगत ठेवून पाण्याच्या रेषेवर खूण करा. आत १६० ग्रॅम वजन मध्यभागी ठेवा. तो आणखी किती बुडेल, हे आधी वहीत लिहा आणि मग मोजा. पाण्यात भरपूर मीठ विरघळवून तोच प्रयोग पुन्हा करा.

(२) गावच्या नदीवर पूल असेल तर शिक्षकांना बरोबर घेऊन जा. दोरीला दगड बांधून, दर अर्ध्या मीटरला गाठ मारून, पुलाच्या कठड्यावरून पाण्याची खोली मोजा. पाण्यात उतरू नका, आणि पुराच्या दिवसांत पुलावरही जाऊ नका. दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच जागी, वर्षभर मोजमाप घ्या आणि आलेख काढा. मग आलेखावर ८७ सेंटिमीटरची आडवी रेघ ओढा.

तुमच्या गावाहून भरलेली नाव वर्षातून किती महिने निघू शकेल, हे ती रेघच तुम्हाला सांगेल.